वाटलं होतं तसं झालं नाही, मग?

आज शनिवार. ही पुरवणी तुमच्या हातात नेहमीच शनिवारी येते, पण आजचा शनिवार जरा वेगळा आहे. काल गुड फ्रायडे झाला, उद्या ईस्टर. मधला हा दिवस कॅलेंडरवर अगदीच बिनमहत्त्वाचा दिसतो. सुट्टी कालची, गोडधोड उद्याचं. वसईतल्या एखाद्या चर्चमध्ये आज दुपारी डोकावलात तर वेदी उघडीबोडकी दिसेल. फुलं नाहीत, कापड नाही. घंटासुद्धा रात्रीच्या विधीपर्यंत मुक्या असतात. ज्याच्यावर सगळी भिस्त ठेवली तो गेला आणि पुढं काय होणार याचा पत्ता नाही, असा हा दिवस.

गेल्या महिन्यात एका वाचक मैत्रिणीचा मेल आला होता, तो मुद्दाम आजसाठी राखून ठेवला. तिच्या परवानगीनं, ओळख पटेल असं सगळं वगळून सांगतोय. ती २६ वर्षांची, ख्रिस्ती घरातली, गावाकडून पुण्यात नोकरीला आलेली. बारावीनंतर एका युथ कॅम्पला गेली होती. तिथं सांगितलं गेलं की जोडीदार कसा हवा याची यादी करा, देवापुढं ठेवा आणि मिळालाच असं समजून आजच आभार माना. तिनं यादी केली. चौदा मुद्दे. पुढं कॉलेजच्या शेवटच्या वर्षी भेटलेला मुलगा त्यातल्या अकरा मुद्द्यांत बसला (उरलेले तीन लग्नानंतर बसवू, असं तिनंच लिहिलंय). चार वर्षं झाली. घरच्यांच्या भेटी ठरल्या. आणि फेब्रुवारीत एके दिवशी त्यानं कॉफी पिता पिता सांगितलं की घरून नाही म्हणतायत, आणि खरं सांगायचं तर आता त्यालाही 'तसं काही वाटत नाही'.

आई म्हणाली, "तुझा विश्वासच कुठंतरी कमी पडला बघ." हे वाक्य तिला मुलाच्या वाक्यापेक्षा जास्त लागलं. मेलच्या शेवटी तिनं विचारलंय, 'आता मी कुणाकडूनच काही अपेक्षा ठेवणार नाही. देवाकडूनही नाही. माझं बरोबर आहे ना?'

नाही, बरोबर नाही. पण तुझ्या आईचंही बरोबर नाही, आणि त्या कॅम्पमधल्या वक्त्याचं तर मुळीच नाही.

तुमच्यापैकी अनेक जण म्हणतील, आमचा धर्म वेगळा, यात आमचं काय? पण हा मेल फक्त ख्रिस्ती मुलीचा नाही. स्पर्धा परीक्षेचा चौथा अटेम्प्ट गेलेला मुलगाही हेच लिहितो, नवस बोललेला असतो इतकाच फरक. आणि त्यानंतरची पळवाटही सगळ्यांची सारखी. दर तिसऱ्या रीलमध्ये कुणीतरी गंभीर चेहऱ्यानं सांगत असतं की अपेक्षाच ठेवू नका, दुःखच होणार नाही. निष्काम कर्माचा अर्थही आपण सोयीनं असाच लावून टाकतो. ऐकायला भारी वाटतं. पण ज्या माणसाकडून तुम्हाला खरोखर काहीच अपेक्षा नाही, तो माणूस तुमचा कोण लागतो? रिक्षावाल्याकडूनसुद्धा मीटर टाकण्याची अपेक्षा असते राव.

तिच्या मेलमध्ये आणखी एक गोष्ट होती. कॅम्पमध्ये तिला एक मग भेट मिळाला होता, त्यावर यिर्मयाच्या पुस्तकातलं एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन छापलेलं. ख्रिस्ती घरांत हे वचन माहीत नसलेला तरुण सापडणं कठीण. देवाच्या मनात तुमच्याविषयी भल्याचेच संकल्प आहेत, भविष्य आहे, आशा आहे, असा त्याचा आशय. दहावीच्या निरोप समारंभापासून व्हॉट्सअॅप स्टेटसपर्यंत ते सगळीकडं असतं. मगवर जागा कमी असते, म्हणून त्याच्या आधीचं दहावं वचन छापत नाहीत. त्यात आकडा आहे : सत्तर वर्षं.

हे मुळात एक पत्र आहे. यरुशलेमहून शेकडो मैल दूर बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं ते पाठवलं. त्याच सुमारास हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा भर मंदिरात सांगत होता की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, लुटलेली भांडी परत येतील, माणसं परत येतील. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होतं, गुलामीची खूण म्हणून त्यानं ते घातलेलं. हनन्यानं ते सगळ्यांदेखत मोडून टाकलं. टाळ्या कुणाला पडल्या असतील ते सांगायला नको. यिर्मयानं मात्र सत्तरचा आकडा लिहिला. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा रस्ता दिसणारच नव्हता. मग त्यांनी करायचं काय? पत्रात तेही आहे. घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावा. आणि ज्या शहरात तुम्हाला जबरदस्तीनं आणलंय, त्या शहराचं भलं व्हावं म्हणून प्रार्थना करा.

मला हे पत्र फार आवडतं, कारण त्यात आशा आणि तारीख या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. आपण त्या नेहमी एकत्र बांधतो. पंचविशीत नोकरी, सत्ताविसाव्या वर्षी लग्न, तिशीत फ्लॅट. तारीख टळली की आशाही मेली असं धरून चालतो, आणि मधल्या काळात जगायचं थांबवतो. एमपीएससी झाली की मित्रांना भेटू, लग्न ठरलं की घर नीट लावू, तोवर पीजीच्या भिंतीवर खिळासुद्धा ठोकायचा नाही. त्या कॅम्पमधल्या वक्त्यानं हनन्याचं काम केलं, तेवढंच. त्याचा हेतू वाईट नसेल. पण देवाच्या नावावर तारखा देणारी माणसं स्वतः पुढच्या कॅम्पला निघून जातात आणि तारीख टळल्यावरचा हिशेब एखाद्या मुलीला पीजीच्या खोलीत एकटीला करावा लागतो. हे थांबायला हवं.

आता माणसांकडच्या अपेक्षांचं बघू, कारण खरा गुंता तिथं आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकात लेआ नावाची एक स्त्री आहे. याकोबाचं प्रेम तिच्या धाकट्या बहिणीवर, राहेलवर. सासऱ्यानं लग्नाच्या रात्री फसवून थोरलीला पुढं केलं. म्हणजे लेआच्या संसाराची सुरुवातच नकोशी म्हणून झाली. तिला पहिला मुलगा झाला, तिनं नाव ठेवलं रऊबेन, आणि म्हणाली, आता तरी नवरा माझ्यावर प्रेम करील. दुसरा झाला, शिमोन. मी नावडती आहे हे देवानं ऐकलं, असा त्या नावामागचा भाव. तिसरा लेवी : आता तीन मुलगे दिलेत, आता तरी तो माझ्याशी जडून राहील. बघा, पोरांची नावं म्हणजे नवऱ्याला पाठवलेले मेसेज आहेत. आणि तिन्हींवर ब्लू टिक, उत्तर नाही. चौथ्या वेळी काहीतरी बदललं. तिनं नाव ठेवलं यहूदा आणि म्हणाली, या वेळी मी देवाची स्तुती करीन. नवऱ्याचा उल्लेखच नाही.

प्रवचनात गोष्ट बहुतेक इथं संपते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की लेआ सुटली. पण पुढचा अध्याय वाचा. सहावा मुलगा झाल्यावर ती परत तेच म्हणते : आता नवरा माझ्याजवळ राहील. म्हणजे सुटका एकदाच होत नाही. पुन्हा मागणं सुरू होतं, पुन्हा सोडावं लागतं. मला यात दिलासा वाटतो. बायबलनं तिला आदर्श बाई करून भिंतीवर टांगलेलं नाही. आणि ज्या येशूचा उद्या सण आहे, तो वंशावळीनं लाडक्या राहेलच्या पोटचा नाही, नावडत्या लेआच्या यहूदाच्या वंशातला आहे. ते बघायला लेआ नव्हती, हेही खरंच.

लेआची चूक प्रेमाची अपेक्षा ठेवण्यात नव्हती. नवऱ्याकडून प्रेम नको तर काय हवं? पण आपण नकोशा नाही, हे सिद्ध करण्याचं सगळं काम तिनं एका माणसावर टाकलं, आणि तो माणूस ते करणारा नव्हता. आपल्याकडं हे रोज चालतं. 'तू माझ्या आयुष्यात आलास/आलीस आणि सगळं पूर्ण झालं,' असं वाढदिवसाच्या पोस्टमध्ये लिहायला छान वाटतं. समोरच्यानं ते मनावर घेतलं तर मात्र बिचाऱ्याची धडगत नाही. त्याला रोज सकाळी उठून तुम्हाला पूर्ण करायचंय. ख्रिस्ती लग्नात वधूवर जी शपथ घेतात ती कधी नीट ऐकली आहे का? सुखात-दुःखात, आजारपणात, मी काय करीन एवढंच त्यात असतं. मला काय मिळेल, याबद्दल एक शब्द नाही. लग्नाच्या धामधुमीत ते कुणाच्या लक्षात येत नाही, फोटोग्राफरच मध्ये उभा असतो.

मग माणसांकडं काही मागायचंच नाही का? मागायचं. कसं, ते परवाच्या रात्रीच्या गोष्टीत आहे. अटक होण्याआधी येशू गेथशेमाने बागेत गेला. सोबत तीन जवळचे मित्र : पेत्र, याकोब, योहान. तो त्यांना स्पष्ट म्हणाला की माझा जीव फार कासावीस झालाय, इथं थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा. 'त्यांना कळायला हवं' म्हणून तो गप्प बसला नाही. आपण नेमकं तेच करतो ना? तोंड पाडून बसायचं आणि समोरच्यानं ओळखायची वाट बघायची. ओळखलं नाही की, 'जाऊ दे, तुला काय सांगायचं.' येशूनं सांगितलं. आणि परत येऊन बघतो तर तिघे झोपलेले. एक तासही जागता आलं नाही का, असं त्यानं पेत्राला विचारलं, म्हणजे वाईट वाटलेलंही लपवलं नाही. लगेच त्यांची बाजूही त्यानंच मांडली, की मनात असतं पण शरीर साथ देत नाही. तीनदा हेच झालं. पुढं त्याच रात्री पेत्रानं तर ओळखच नाकारली. आणि तरी योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी तलावाकाठी निखाऱ्यांवर मासे भाजून त्याच मित्रांना न्याहारीला बोलावणारा येशू भेटतो. पेत्राला तो तिथंही प्रश्न विचारतोच. नातं ठेवलं म्हणजे हिशेब विसरला असं नाही.

त्या मैत्रिणीच्या आईसाठीही या बागेत काहीतरी आहे. त्या रात्री येशूनं देवाकडं एक गोष्ट मागितली होती. हा प्याला माझ्यापुढून जाऊ दे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा मागितली. मिळाली नाही. आता त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणणार का, काकू?

हे सगळं दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचं, परमुलखातलं वाटत असेल तर आपल्या घरातलं बघा. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तला एखादा उतारा तुमच्यापैकी काहींनी शाळेत वाचला असेल. मार्कांसाठी वाचलेलं विसरून जा आणि आता पूर्ण पुस्तक वाचा, कारण नातं आणि अपेक्षा या विषयावर मराठीत त्याच्या तोडीचं फार थोडं आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बायकोला कळलं तेव्हा गोष्ट होऊन गेली होती. त्या काळात याचा अर्थ नवरा जिवंत असून संसार संपला, असाच होता. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं लगेच सोडलं नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो जातपात माणसांनीच केलेली आहे हे स्वतःच्या डोक्यानं पटल्यावर. टिळक वाट बघत राहिले, आणि टिळकांसारख्या तापट, उतावळ्या माणसाला वाट बघणं किती जड गेलं असेल, हे पुस्तक वाचल्यावर कळतं.

आणि मग काय सगळं सुरळीत झालं? छे. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. दारी आलेल्याला देऊन मोकळे होत. आयुष्याच्या शेवटाकडं, १९१७ साली, तर त्यांनी मिशनचं कामही सोडलं. लक्ष्मीबाईंना जसा नवरा हवा होता तसा तो शेवटपर्यंत झाला नाही. हे त्या लपवत नाहीत, उलट इतक्या मिश्कीलपणे सांगतात की आपण हसतो आणि मग ओशाळतो. पण शाळेचं तोंडही न बघितलेली ही बाई, टिळक १९१९ साली गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढं लिहायला बसली. त्या नात्यातून तिला काय मिळालं, ते लग्नाच्या दिवशी कुणाच्याच यादीत नसणार.

इथं मला थोडी भीती वाटते. लक्ष्मीबाईंचं उदाहरण दिलं की कुणीतरी ते लगेच मुलींच्या गळ्यात बांधतं : बघा, कसं सोसलं, तुम्हीही सोसा. म्हणून स्पष्ट लिहितो. मार खावा लागू नये, खोटं ऐकावं लागू नये, पगार हिसकावून घेतला जाऊ नये, या 'अपेक्षा' नाहीत. त्या जुळवून घेण्याच्या यादीत येतच नाहीत. 'प्रार्थना कर, तो बदलेल' असं सांगून मार खाणाऱ्या मुलीला त्याच घरात परत पाठवणारी माणसं मी मंडळीतही पाहिली आहेत आणि बाहेरही. त्यांनी क्षमा आणि सोसणं यांत गल्लत केली. अशा वेळी आधी सुरक्षित जागा, मग पोलीस किंवा वकील, आणि प्रार्थना या सगळ्याच्या बरोबरीनं. जो मित्र हे ऐकून 'पण तो मनानं चांगला आहे गं' म्हणतो, त्याला थोडे दिवस म्यूट करा.

बाकीच्या अपेक्षांचं मात्र काहीतरी करावं लागतं. त्या नाहीशा होत नाहीत, आत साचतात. बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकात १५० स्तोत्रं आहेत, आणि त्यांतली कितीतरी निव्वळ तक्रारीची. तेराव्या स्तोत्राच्या सुरुवातीलाच 'कुठवर?' हा एकच प्रश्न चारदा येतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी समजूत घालणारी ओळ नाही. हे प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, बरं का. म्हणजे देवाशी भांडणं हीसुद्धा प्रार्थनाच धरलेली आहे. तेव्हा मैत्रिणी, गेल्या दोन महिन्यांत तुला प्रार्थना जमली नाही असं तू लिहिलंस, पण मेलमधली तुझी वाक्यं वाचून मला ते पटलं नाही. तू फक्त पत्ता चुकवून मला पाठवलीस.

तुझ्या यादीबद्दल विचारलंयस, फाडू का? नको. एकदा बसून वाच. त्यातलं 'उंची' आणि 'पॅकेज' एका बाजूला ठेव. 'माझं ऐकून घेणारा' हा सातवा मुद्दा खूण करून ठेव, कारण तो तू बरोबर लिहिलास, आणि तुझ्याच शब्दांत सांगायचं तर तो त्या मुलात नव्हता. आणि आईला सांग की त्या वाक्याचा तुला त्रास झाला. ती ओळखेल म्हणून थांबू नकोस. ती झोपलीय असं समज, पेत्रासारखी.

उद्या ईस्टर. गावी गेली असशील तर पहाटेच्या उपासनेला घरचे उठवतील. जावंसं वाटलं तर जा, नाही वाटलं तर नको. पण लूकच्या शुभवर्तमानातली उद्याचीच एक गोष्ट मात्र वाच, चोविसाव्या अध्यायात आहे. दोन माणसं यरुशलेम सोडून अम्माऊस नावाच्या गावाकडं चाललीयत, साधारण ११ किलोमीटरचा रस्ता, तोंडं उतरलेली. वाटेत एक अनोळखी वाटसरू त्यांना गाठतो आणि विचारतो, काय बोलताय? ते त्याला सगळं सांगतात, आणि त्यात हेही म्हणतात की आम्हाला फार आशा होती. होती, असं. तो त्यांना मध्ये तोडत नाही. त्यांचं सगळं सांगून होईपर्यंत ऐकतो, मग बोलू लागतो, आणि चालत राहतो. तो कोण आहे हे त्यांना संध्याकाळपर्यंत कळत नाही, जेवायला बसल्यावर, त्यानं भाकर मोडल्यावर कळतं.